पेटी क्रमांक एकोणीस

बर्गनच्या धक्क्यावर, मिठाच्या गोदामामागे
जहाजांना पुस्तकं पुरवणारं आमचं कार्यालय.
एका पेटीत तीस पुस्तकं.
ह्या जहाजावरून त्या जहाजावर जातात,
वर्ष वर्ष घरी येत नाहीत.
आली की मी, हाल्डिस, झाकण उघडते
आणि वाचायच्या आधी वास घेते:
डिझेल, करपलेली कॉफी,
कुणाचे तरी न वाळलेले मोजे.

एकोणीस नंबरमध्ये ती जाडजूड कादंबरी आहे,
सव्वाशे वर्षांपूर्वीची,
वाचली नसली तरी वाचलीय म्हणावी लागते अशी.
गिरणीवाल्याची बायको. तिच्या नावे आलेलं पत्र.
एकतिसाव्या प्रकरणात
ते न फोडताच ती चुलीत घालते.
बाकी शेतं. शेतं आणि हवामान.

आतल्या पानावर ठसठशीत छापलंय:
पुस्तकात लिहिण्यास सक्त मनाई आहे.
आणि समासात पेन्सिलीनं:
"बाई मूर्ख आहे. – एइलर्ट, खानसामा."
खाली निळ्या शाईत:
"मूर्ख नाही. आत काय आहे ते तिला ठाऊक होतं.
मलाही एकदा ठाऊक होतं."
सही नाही. नुसते अक्षांश-रेखांश.
मी नकाशात पाहिलं. भर पाण्यात कुठेतरी.

इंजिनखोलीतला तोर्गिल्स लिहितो:
"लेखकाला पानामागे पैसे मिळत असणार.
शेतांची वर्णनं गाळली, काही बिघडलं नाही."
तीन वर्षांनी दुसऱ्याच जहाजावरून त्याला उत्तर:
"मी फक्त शेतंच वाचली.
चार महिने झाले, हिरवं काही दिसलं नाही."
आणखी कुणीतरी:
"गिरणीवाल्याचं कुणी विचारतच नाही.
तो दळत राहिला म्हणून घर चाललं."
ह्याखाली पाच रेघा, पाच हातांच्या.
जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात;
ह्यांना दुसऱ्याच्या जात्यावर सुचलीय.

साहेब म्हणतात, खोडून टाक सगळं.
खोडरबर आहे माझ्या खणात,
दगड झालाय त्याचा.

एक पान मात्र फाटलेलं होतं. मी इथे लागायच्या आधीपासून.
चारशे दहा संपतं: "मग ती उठली आणि"
पुढे थेट चारशे तेरा.
त्या फटीत किती जण शिरले!
उठली आणि गिरणी पेटवली.
उठली आणि समुद्राकडे चालू लागली.
(त्या मुलखात समुद्र नाही, गाढवा.)
उठली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं.
ह्या वाक्यावर काट मारलेली आहे,
बहुधा लिहिणाऱ्यानंच.

गेल्या हिवाळ्यात ओलेसुंडहून एक पाकीट आलं.
"वडील वारले. त्यांच्या खिशातल्या वहीत हे होतं.
वाचनाची त्यांना फारशी सवय नव्हती. माफ करा."
चार घड्या घातलेलं ते पान.
घड्यांवरची अक्षरं झिजून गेलेली.

कोट काढायच्या आधी, उभ्याउभ्याच वाचलं मी.
मग ती उठली आणि बटाटे सोलायला बसली.
दोन्ही बाजू भरून बटाटेच:
सालीची न तुटणारी फीत, काळा डोळा कोरणं,
पाणी गढूळ होत जाणं.
पत्राचा उल्लेखसुद्धा नाही.
इतक्या वर्षांत तो माणूस ते किती वेळा उलगडत असेल,
कुठल्या ओळीवर थांबत असेल,
मला सांगता येणार नाही.

खळ लावून पान जागच्या जागी बसवलं.
रात्रभर वर इस्त्री ठेवली. पेटी रवाना केली.

ह्या शरदात ती परत आलीय.
चारशे बाराच्या काठाला नवं अक्षर:
"पान नव्हतं तेव्हा कादंबरी बरी होती."
आणि त्याखाली, तेलकट बोटाच्या ठशासकट:
"तू जन्मात कधी बटाटे सोललेले दिसत नाहीत.
– खानसामा, नवा."